घरचं आधण

"आज घरचं आधण इशिता ठेवेल," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या, आणि प्लॅस्टरमधला उजवा हात त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या कडेवर असा टेकवला, जणू हुकमावर शिक्काच मारला.

बाल्कनीच्या दाराशी उन्हात मटार सोलत बसलेल्या कुसुमावतींची बोटं थांबली. नोएडातलं जानेवारीचं ऊन, जेवणवेळेला उगवतं नि चहाच्या वेळेला मावळतं. तेवढ्यात जेवढं अंगावर घेता येईल तेवढं घ्यायचं.

"मी मेले का?" त्या म्हणाल्या.

"ताई, यांची पंचाहत्तरी आहे आज. असं बोलू नये."

"मग कसं बोलू? तुझा हात मोडला म्हणून तर नागपूरहून या थंडीत कुडकुडत आले. आणि घरात मी असताना काल आलेली पोरगी आधण ठेवून राहिली?"

"काल नाही आली. दिवाळीआधी आली."

"आत्या, यार, आज नको ना," भिंतीवर फुलांची माळ चिकटवता चिकटवता इशिताचा नवरा आशय म्हणाला.

"यार कुणाला म्हणतो रे? मी तुझी यार आहे?"

तसा या घरात रोजचा चहा कुणीही करायचा. चंद्रप्रभाबाईंचे यजमान गुणवंत पहाटे करायचे, आशय ऑफिसच्या कॉलमध्ये कान अडकवून करायचा. पण घरी माणसं जमली, की माळ्यावरचं पितळी पातेलं खाली यायचं, आणि त्यात उकळायचं ते घरचं आधण. ते एकाच हातचं. गुणवंत आणि कुसुमावतींची आई सुमित्राबाई हिने ते सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सून म्हणून आलेल्या चंद्रप्रभेच्या हाती सोपवलं होतं. त्यानंतर त्या पातेल्याखाली दुसऱ्या कुणी गॅस पेटवला नव्हता.

"तुमच्या आईंनी मला दिलं तेव्हा मलाही धड येत नव्हतं," चंद्रप्रभाबाई हळूच म्हणाल्या.

"तू आपली होतीस." कुसुमावतींनी शेंगेची शीर ओढली. "हिच्या आईला आधी विचारा, पिणार आहे का. की आजही आत्ताच घेतलेला असेल?"

स्वयंपाकघरात इशिता आलं धूत होती. तिने नळ बंद केला. तिला सगळं ऐकू आलं.

*

कुसुमावतींना ते दोन शब्द पाठ होते. लहानपणी पाढे पाठ झाले त्याच्या आधीपासून पाठ होते.

दादांना, म्हणजे वडिलांना, मंत्रालयात नोकरी लागली आणि ही मंडळी दिल्लीला आली, तेव्हा क्वार्टर मिळालं ते मराठी शेजारात. कुणी पुण्याचं, कुणी सांगलीचं. सुमित्राबाईंना आनंद झाला, की चला, आपली बोली बोलणारं कुणी आहे. पहिल्याच संध्याकाळी तिने आधण ठेवलं, सगळ्या दारांचं मिळून. कुसुमच्या हाती ट्रे दिला. फ्रॉक नवा होता, वेण्यांना रिबिनी होत्या. पोरगी दारोदार गेली.

"अगोबाई, किती गोड! पण आत्ताच घेतला गं, बाळ."

पुढच्या दारी, "आत्ताच घेतला." त्याच्या पुढच्या दारी नुसतंच हसू, आणि यांच्या भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोविषयी एक चौकशी. ट्रे भरलेला गेला नि भरलेलाच परत आला. कप हलले, बशीत सांडलं, तेवढंच काय ते कमी झालं.

आईने काय केलं? पदर खोचला, तो सगळा चहा परत गरम केला आणि घरातल्या घरात वाटून टाकला. दादा दोन कप प्यायले, गुणवंत लहान असून अर्धा प्यायला. आणि दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा तेवढंच आधण ठेवलं. तिसऱ्याही. उकळीच्या तालावर ती गुणगुणायची. ओवी तिचीच, तिनेच जुळवलेली:

*आधण ठेविलं बाई, कवाड उघडं दारी,*
*येईल तो घरचा माझा, न येई तो शेजारी.*

हळूहळू लोक येऊ लागले. आधी दादांच्या हाताखालचा एक पंजाबी कारकून, मग त्याची बायको, मग होळीच्या दिवशी समोरची सांगलीची सून, सासूच्या नकळत. कालांतराने तर "सुमित्राबाईंकडचा चहा" हे कॉलनीत पत्ता सांगायचं ठिकाण झालं. सगळं झालं. पण ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोरीच्या मनगटातला तो भार काही उतरला नाही.

आणि गेल्या वर्षी, लग्न ठरवायला इशिताचे आईवडील आले. सोफ्यावर टेकले. चंद्रप्रभेने कप पुढे केला, तर विहीणबाई गोड हसून म्हणाल्या, "अहो, नको, आत्ताच घेतला."

कुसुमावती तेव्हा शेजारीच बसल्या होत्या. लग्न झालं, जेवणावळी झाल्या. पण मुलीकडच्यांनी पुढे केलेला चहा त्यांनी एकदाही घेतला नाही.

*

"मुरथल गेलं," इशिताचे वडील जयंत गाडी चालवता चालवता दुःखाने म्हणाले. "पद्मजा, मुरथल मागे गेलं. पानिपतहून निघायचं आणि मुरथलला चहा घ्यायचा नाही, हे मी नोकरीच्या इतक्या वर्षांत केलेलं नाही."

"तुला मी अडवलं नव्हतं."

"तू गाडीत कपाळ धरून बसणार आणि मी ढाब्यावर फुर्र फुर्र करणार? शोभतं का?"

पद्मजाने सकाळपासून चहा घेतला नव्हता. उठल्याबरोबर आलं घालून मोठा कप घेतल्याशिवाय तिचं डोकं जागं होत नसे, हे जयंत नोकरीला होते त्या सगळ्या मिलला ठाऊक होतं. आज ती कोरड्या तोंडाने निघाली होती. उजवं कानशील ठणकत होतं.

लग्नानंतर महिनाभराने इशिताने फोनवर तिला सांगितलं होतं. "मम्मी, तू त्या दिवशी जे बोललीस ना, त्या घरात ते कुणी बोलत नाही." आणि मग का बोलत नाही, तेही.

पद्मजा त्या दिवशी खरंच चहा पिऊन गेली होती. मुलीच्या लग्नाचं बोलायचं, छातीत धडधड, म्हणून वाटेत थांबून घेतला होता. पण आता हे कुणाला सांगायचं? "नाही हो, मी खरंच आत्ताच घेतला होता", हे वाक्य तर आधीच्यापेक्षा वाईट. प्रत्येक दाराने तेच म्हटलं असणार. तिने खूप विचार केला. शेवटी ठरवलं, बोलायचं काहीच नाही. तहानेलं जायचं.

"डोकं दुखतंय का फार?" जयंतने विचारलं.

"बिल्कुल नाही," पद्मजा म्हणाली, आणि डोळे मिटून घेतले.

*

स्वयंपाकघरात दोघीच होत्या. चंद्रप्रभाबाई स्टुलावर, इशिता ओट्याशी.

"साखर आधी. पाण्याबरोबर."

"यूट्यूबवर सगळे शेवटी घालतात, आई."

"त्यांना घालू दे. साखर पाण्यात उकळली की चहाला अंग येतं. आता आलं ठेच. किसू नकोस, किसलेलं कडवट होतं. ठेच, नुसतं दुखवायचं त्याला."

खलबत्त्यात आलं फुटलं आणि तिखट, ओला वास उठला. बाल्कनीतल्या कुंडीतला गवती चहा दिल्लीच्या थंडीत पिवळा पडला होता, तरी मधली दोन हिरवी पाती होती. इशिताने त्यांची गाठ मारून पाण्यात सोडली. बाहेर दाराची घंटा वाजली. "या, या, जय भीम!" हा गुणवंतांचा आवाज. "नमस्कार, खूप खूप शुभेच्छा!" हा बाबांचा. मम्मीचा आवाज आला नाही.

इशिताने दाराकडे पाहिलं.

"इकडे बघ," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "पाण्याकडे. आलं नीट उकळू दे, नाहीतर दूध फाटेल. हं. आता पूड. चढती उकळी आली, एकदा वर आली, बंद कर गॅस. झाक. झाकलं की आपलं काम संपलं. आता ते त्याचं त्याचं होतं. दूध तिकडे वेगळं गरम राहू दे."

झाकण बसलं. हॉलमधून कुसुमावतींचा आवाज आला, "या विहीणबाई. बसा. पाणी घ्या. पाणी तर चालतं ना?"

इशिताने झाकण उचलून रंग पाहिला. नुसतंच उचललं, तिला कळलंही नाही. वाफ भसकन तोंडावर आली आणि वर एक्झॉस्टकडे निघून गेली. तिने झाकण ठेवलं. दोन श्वासांनी पुन्हा उचललं.

चंद्रप्रभाबाईंनी पाहिलं. सासूने पहिल्या वेळी त्यांनाही टोकलं नव्हतं. दूध ओतलं, गाळलं, पांढऱ्या कपांची रांग भरली.

हॉलमध्ये ट्रे घेऊन इशिता आली तेव्हा सगळे एकाएकी नको तितकं बोलायला लागले. आशय मेट्रोच्या नव्या लाइनविषयी, जयंत पानिपतच्या धुक्याविषयी. गुणवंतांनी कप उचलला. मग जयंतनी. मग पद्मजाने. कपाला हात लागताच तिने तो दोन्ही तळव्यांत धरला आणि सगळ्यांच्या आधी मोठा घोट घेतला. जीभ पोळली. डोळ्यांत पाणी आलं. तिने दुसरा घोट घेतला.

ट्रे कुसुमावतींपुढे आला.

त्यांनी कपाकडे पाहिलं, मग इशिताकडे, मग तिच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे.

"आत्ताच घेतला," त्या म्हणाल्या.

घरातला पंखा बंद होता, हीटर बंद होता; तरी काहीतरी बंद पडल्यासारखं झालं.

इतकं सोपं असतं? कुसुमावतींना वाटलं. आयुष्यभर त्या समजत होत्या, की हे म्हणायला माणसाला काळीज घट्ट करावं लागत असेल, आत काहीतरी लोटावं लागत असेल. काहीच लागलं नाही. श्वाससुद्धा जास्तीचा लागला नाही. ओठांतून घसरले शब्द, दाण्यावरचं टरफल सुटावं तसे. आणि समोर ट्रे धरलेले दोन हात होते.

"ताई," स्वयंपाकघराच्या दारातून चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नणंदेचा शब्द खाली पडू दिला नव्हता. दीर-जावांच्या भांडणात, जागेच्या वाटणीत, आशयच्या लग्नाच्या वेळीसुद्धा त्या तिच्याच बाजूने होत्या. "ताई, हे आपल्या घरात कुणी म्हणत नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

"गुणा, तुझ्या बायकोला सांग..."

"मी काय सांगू, ताई?" गुणवंत म्हणाले. कप त्यांनी खाली ठेवला होता. "ती बरोबर बोलतेय."

पद्मजा उठायला लागली. जयंतने तिचा हात धरला. आशय "आत्या" म्हणाला. सगळे इशिताकडे पाहायला लागले, की ही आता रडते की काय.

इशिताने ट्रे टीपॉयवर ठेवला. कुसुमावतींचा कप उचलला. तिथेच उभ्याने एक घोट घेतला, तोंडात फिरवला, आणि भुवया वर केल्या.

"आत्या, तुम्ही नाही घेतलात तेच चांगलं झालं. पाणचट झालाय."

"नाही, चांगला आहे की," जयंत म्हणाले.

"बाबा, तुम्हाला सगळंच चांगलं लागतं. नाही झाला चांगला. मी झाकण काढलं मध्ये." तिने एकेक कप गोळा करायला सुरुवात केली. गुणवंतांचा, आशयचा, मम्मीचा हात सोडवून मम्मीचासुद्धा. "या घरचा म्हणून हा कुणी प्यायचा नाही. मी परत आधण ठेवते."

"अगं, राहू दे मला," पद्मजा न राहवून म्हणाली. "सकाळपासून घेतला नाही मी. डोकं फुटायला आलंय."

कुसुमावतींनी मान वळवली. "सकाळपासून? का बरं?"

पद्मजाने कपाळ दाबलं. बोलले ते जयंत. "मुरथलसुद्धा सोडलं हो, कुसुमताई. इकडेच प्यायचा म्हणून. मलाही पिऊ दिला नाही."

*

आत पुन्हा पाणी चढलं. यावेळी चंद्रप्रभाबाई हॉलमध्येच बसल्या, मुद्दाम. इशिता एकटी होती.

कुसुमावतींना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत होतं. या घरच्या चहाला त्या कानाने ओळखत. साखर पडल्याचा सरकता आवाज. खलबत्ता. पाण्याचं आधीचं कुजबुजणं, मग गलका. गॅसची कळ फिरली. झाकण बसलं.

आता काढेल, त्यांना वाटलं. आता वाजेल.

नाही वाजलं.

त्या उठल्या. गुडघ्यावर हात देऊन, कुणाला मदत करू न देता. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाहतात तर इशिता ओट्याकडे तोंड करून उभी, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखी.

"काय करून राहिली?"

"काही नाही करत, आत्या. तेच तर कठीण आहे." तिने मागे पाहिलं नाही. "बोलू नका माझ्याशी, नाहीतर काढेन मी झाकण."

कुसुमावतींना हसू आलं, ते त्यांनी पदराआड ठेवलं. दाराला टेकून त्याही उभ्या राहिल्या. झाकणाच्या कडेने वाफेचा एक धागा निघत होता, आणि आल्याचा वास त्याला धरून वर चढत होता.

"आत्या, एक विचारू?"

"आत्ता तर म्हणालीस बोलू नका."

"आजी रोज का ठेवायच्या? कुणी येत नव्हतं, माहीत होतं त्यांना. मग कॉलनीभराचं आधण कशाला?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आशयने नाही, नागपुरातल्या त्यांच्या मुलांनी नाही. सगळ्यांनी ऐकलं, हळहळले, शेजाऱ्यांना शिव्या दिल्या. कुसुमावती पातेल्याकडे पाहत राहिल्या.

"कारण तिचा चहा चांगला व्हायचा," त्या म्हणाल्या.

"बस?"

"बस म्हणजे? अगं, चांगली वस्तू घरात असली, की माणूस दार उघडं ठेवतो. लाज वाटली असती तर कडी लावून दोन कपांपुरतं केलं असतं. तिला माहीत होतं तिच्या हातात काय आहे ते. न पिणाऱ्याचं नुकसान, असं म्हणायची. आणि खरंच झालं त्यांचं नुकसान."

बोलता बोलता त्यांचा स्वर चढला होता, मान ताठ झाली होती. कित्येक वर्षं त्या ही गोष्ट सांगत आल्या होत्या, पण या बाजूने त्यांनी ती आज पहिल्यांदाच ऐकली.

"आता?" इशिताने विचारलं.

कुसुमावतींनी वास घेतला. डोळे मिटले.

"आता. काढ."

रंग उतरला होता तो दाट, तांबूस, उन्हात धरलेल्या मधासारखा. दूध पडलं आणि पातेल्यात एक फिकट गिरकी उठून विरली. इशिता गाळत गेली, कुसुमावती कप पुढे सरकवत गेल्या.

हॉलमध्ये कप वाटले गेले. पद्मजाला पहिला. कुसुमावतींनी स्वतः नेऊन दिला. "घ्या विहीणबाई. डोक्याला उतार पडेल." मग त्या आपल्या जागेवर बसल्या, कप बशीत ओतला, जुन्या पद्धतीने, आणि फुंकर घालून प्यायल्या. सगळं घर त्यांच्या गळ्याकडे पाहत होतं.

एक बशी संपली. दुसरी ओतली.

"ताई, बोला की काही," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या.

"पिऊ तर दे."

दुसरी बशी संपल्यावर त्यांनी तोंड पुसलं. "आलं एक टिचभर कमी चाललं असतं," त्या म्हणाल्या. गुणवंत मोठ्याने हसले, कारण आईच्या चहालासुद्धा ताई हेच म्हणायची.

पद्मजाचा चेहरा तोवर उजळला होता. कानशिलावरची शीर उतरली होती. ती जयंतकडे झुकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पाहिलंस? माझ्या मुलीच्या हाताला काय चव आहे ती."

"तुमच्या मुलीच्या?" कुसुमावतींनी बशी खाली ठेवली. "विहीणबाई, हा आमच्या सुनेच्या हातचा चहा आहे. पानिपतला असा झाला होता का कधी?"

"शिकवला तुम्ही असेल, पण हात तर आमच्याकडून आला ना?"

"नुसता हात घेऊन काय करायचंय? झाकायला कुणी शिकवलं?"

"धीर माझ्याकडून घेतलाय तिने. मी मुरथल सोडलं आज!"

"चलो, सुरू झालं," आशय म्हणाला. "बाबा, केक कापून घ्या तुम्ही."

दोघी कप हातात धरून अशा तावातावाने भांडत होत्या, की शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. इशिता मधोमध उभी होती, तळाशी थोडा चहा उरलेलं पातेलं हातात घेऊन, केस वाफेने कपाळाला चिकटलेले.

"एक मिनिट," ती म्हणाली. दोघी थांबल्या. "हात माझा आहे."

कुसुमावतींनी सुनेकडे नीट पाहिलं, नखशिखांत पाहिलं, आणि रिकामा कप तिच्यापुढे धरला.

"बरं बाई, तुझा," त्या म्हणाल्या. "मग त्या हाताने अजून अर्धा दे."